वरची बाजू कुठली

बाबा, तुमचा तो लाडका विद्यार्थी काल चपला घालून माझ्या घरात शिरला आणि तुमची चांगली चित्रं भिंतीकडे तोंड करून लावून गेला. वर्गात पोरांना शिक्षा करतात तशी. ज्यांच्यात झाड कळतं, होडी कळते, मिठाची रास कळते, ती सगळी तिकडे. आणि ज्यांच्यात काहीच नाही ती पलंगावर ओळीने मांडली नि त्यांच्यासमोर हात बांधून उभा राहिला, देवळात आल्यासारखा. मी चहा विचारला तर म्हणतो, "ताई, जरा थांबा." माझ्याच घरात मी थांबायचं. कुठल्याशा कॉलेजात चित्रकलेचा मोठा सर झालाय तो आता, दाढी पिकली, पण शाळेतून आपल्याकडे येऊन माझ्या हातची थालीपीठं हाणायचा ते मी विसरलेले नाही. बिल्डिंग पाडायला काढलीय, बाबा. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, भाड्याच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन मावलं तरी खूप झालं. म्हणून त्याला बोलावलं की तुझ्या सरांचा हा पसारा घेऊन जा. तर हा निवडून घेणार. वांद्र्याला प्रदर्शन लावणार म्हणे तुमचं. आणि लावणार काय, तर पलंगावरचं ते शून्य.

"आणि ही झाडांची?" मी विचारलं. "ती ठीक आहेत हो ताई, पण तसं तेव्हा सगळेच काढायचे. सरांचं खरं काम हे." सगळेच काढायचे. म्हणजे मी ज्या रविवारी कांजूरच्या मिठागरात छत्री धरून उभी राहिले ते सगळे रविवार फुकट. तुम्ही सायकल हाणताय, मागे रंगांची पेटी बांधलेली, पुढच्या दांडीवर मी, मांडीवर पाण्याची बाटली. शेजारच्या पोरी रविवारी नवे कपडे घालून बागेत जायच्या आणि मी चिखलात. तुम्ही घडीचं स्टूल टाकून बसायचात, डोळे बारीक करून, आणि एकच मिठाची रास सकाळी काढायचात, मग दुपारी तीच काढायचात, ऊन कललं की पुन्हा तीच. ओल्या रंगाला माश्या चिकटायच्या. मीठ ओढणाऱ्या बाया कामं टाकून बघायला यायच्या, त्यांच्यातली एक मला म्हणाली होती, "काय गं, तुझ्या बापाला दुसरा ढिगारा दिसत नाय काय?" मी तुम्हाला तेच विचारलं, तर वर न बघता म्हणालात, "ढिगारा कोण काढतंय? मी ऊन काढतोय." मला वाटलं, ऊन लागलं ह्या माणसाला. पण खरं सांगायचं तर ती चित्रं बरी होती. जवळून नुसते फटकारे, लांब गेलं की रास उभी राहायची आणि तिची सावली चक्क जांभळी असायची. तिथे थांबायला काय झालं होतं तुम्हाला?

थांबला नाहीत. शाळेच्या लायब्ररीतून ते जाडजूड पुस्तक आणलंत तिथून सगळी वाट लागली. मी ओट्याशी भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून मला परदेशातल्या माणसांच्या गोष्टी सांगताय, कोणी विचारलेलं नसताना. पहिला तो दाढीवाला म्हातारा, घराबाहेर जाऊन ऊन काढणारा, कमळांचं तळं काढणारा. त्याच्यापाठी दुसरा आला नि म्हणाला, ऊन काय, येतं नि जातं, त्याच्या खाली टिकतं काय ते बघा, आणि तो एका डोंगराच्या मागे लागला, विटा रचाव्यात तसा डोंगर रचत बसला. मग काही पोरं आली, ती म्हणाली झाड हिरवंच कशाला, आम्हाला लाल वाटतं, लाल काढू. मग कोणी झाडाचे तुकडे केले. आणि शेवटी एकाने झाड सोलत सोलत नेलं, फांद्या गेल्या, खोड गेलं, राहिल्या उभ्या नि आडव्या रेघा. तुम्ही हे सांगताना तुमचा चेहरा असा, की जशी काही घरातली बातमी. "म्हणजे एवढ्या सगळ्यांनी डोकं लावून झाड घालवलं," मी म्हटलं. तर तुम्ही म्हणालात, "घालवलं नाही गं. तू आमटी आटवतेस ना, पाणी जातं आणि चव राहते, तसं." मी म्हटलं, आटवून आटवून बुडाला लागलं की आमच्यात त्याला करपलं म्हणतात. तुम्ही हसलात आणि दुसरी भाकरी मागितलीत. तुम्हाला वाटलं असेल पोरगी गंमत करते. मी गंमत करत नव्हते.

कारण बाबा, ते पुस्तक मला वाचता आलं असतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी सातवीत होते, आणि घरात करणारं दुसरं कोणी नाही म्हणून तुम्ही माझं नाव शाळेतून काढलंत. तुम्ही स्वतः चित्रकलेचे मास्तर. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायचात की लांबचा रस्ता अरुंद कसा काढायचा, आणि घरी येऊन मुलीच्या हातचं जेवायचात. आई गेली त्यानंतर तरी मला परत घालायचं होतंत. नाही सुचलं. लग्न जमलं नाही की तुम्ही जमवलं नाहीत, तो विषय आज नको. पण ज्या दिवशी तुमचा हाच लाडका विद्यार्थी आणि आणखी दोघेतिघे बाहेरच्या खोलीत तुमचं नवं चित्र बघत बसले होते, तो दिवस मला काढायचाय. मी पोहे घेऊन आले. चित्रात वर राखाडी, खाली राखाडी, मध्ये एक पुसट पट्टा. मी म्हटलं, भिंतीला पुट्टी मारल्यासारखं दिसतंय. ते सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही म्हणालात, "तू आत जा. तुला कळायचं नाही त्यातलं." आणि मी आत गेले, आणि तुमच्या पाहुण्यांसाठी दुसऱ्यांदा चहा टाकला. कळायला जे लागतं ते कोणाकडून येतं? माझ्याकडून हिसकून घेतलंत आणि वर सांगितलंत की तुझ्याकडे नाही.

त्यानंतर मी माझ्या अकलेने एक शोध लावला होता, की तुमचे डोळे गेलेत. चित्रातून आधी होडी गेली, मग झाडं, मग राशी नुसत्या ठिपक्यांएवढ्या, मग त्याही नाहीत. कोणीही शहाणं माणूस म्हणेल की म्हाताऱ्याला दिसत नाही. आणि मोतीबिंदू निघालाच. मी शेजाऱ्यांना सांगितलं सुद्धा, ऑपरेशन झालं की बाबा पुन्हा नीट काढायला लागतील. तुम्ही तर खूष, त्या तळंवाल्या म्हाताऱ्यालाही मोतीबिंदू होता म्हणे, जसा काही तुमच्यात त्याचा वारसा आलाय. पट्टी सुटली त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहून पहिलं वाक्य काय बोललात, "ही भिंत एवढी कळकट होती होय?" मी ऐकून घेतलं. म्हटलं, आता झाड येणार. थोडं बरं वाटल्यावर तुम्ही सायकल सोडून रिक्षाने कांजूरला गेलात आणि संध्याकाळी आलात ते आणखी रिकामं चित्र घेऊन. मी म्हटलं, डॉक्टरने फसवलं आपल्याला. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "अगं, आता स्वच्छ दिसतं," म्हणालात, "त्यामुळे काय काय सोडून देता येईल तेही दिसतं." सोडून देण्यात तुमचा हात पहिल्यापासून चांगला होता, बाबा. आणि तुमच्यामागून तिथे जे लोक आले ते तर तुमचेही गुरू निघाले. तुम्ही चित्रातली झाडं काढलीत, त्यांनी जागेवरची काढली आणि तिथे शहराचा कचरा आणून टाकला. आता त्या बाजूला वारा फिरला की कचऱ्याचा वास येतो. तिथे बसून कोण काय काढणार?

ऊन काढतोय म्हणालात ते मला कळलं, पण तुमच्याकडून नाही. तुम्ही गेल्यावर मी घाटकोपरला मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर लागले, ब्लाउजपीस आणि साडीचे फॉल. तिथे एकही बाई दुकानात रंग पसंत करत नाही. ट्यूबखाली सगळं एकसारखं दिसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. साडी खांद्यावर, पीस हातात, आणि सरळ फुटपाथवर जाऊन उभी राहते. "बाहर देखके बताती हूँ." सकाळी पसंत केलेला पीस दुपारी परत घेऊन येतात, म्हणे रंग बदलला. मी सांगते, रंग नाही हो बदलला, ऊन बदललं. पहिल्यांदा हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला तुमचा राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी मला तुम्ही इतके रविवार चिखलात उभं केलंत, आणि एकदा माझ्या हातात कुंचला देऊन नीट सांगितलं नाहीत.

असो. कालचं पुढचं सांगते. तुमच्या त्या कॉलेजवाल्या सरांनी शेवटचं चित्र उचललं, दवाखान्यात गेलात ते परत आला नाहीत त्याआधीचं, आणि दोन्ही हातांत धरून फिरवत बसले. पुढून सही नाही. मागून काही लिहिलेलं नाही. मग मला विचारतात, "ताई, याची वरची बाजू कुठली?" मी म्हटलं, मला कसं कळणार, तुम्हीच सांगा. तर ते म्हणाले, खरंच नाही कळत, पण हरकत नाही, दोन्ही बाजूंनी छान दिसतं. बाबा, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, असं कसं छान दिसतं? तो माणूस तिथे बसून बघत होता ना? त्याच्या पायाखाली काहीतरी होतं आणि डोक्यावर काहीतरी होतं. तुम्ही त्याला उलटा टांगणार आणि लोक वाईन पीत पीत बघणार? त्यांनी चित्र माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "मग तुम्हीच मागे बाण काढून ठेवा. रविवारी सकाळी टेम्पो पाठवतो."

तेव्हापासून मी ते चित्र घेऊन फिरतेय. ट्यूबखाली नुसतं राखाडी. बाहेर गॅलरीत कठड्याला टेकवलं, तेव्हा दोन राखाडी वेगळे झाले, एकात थोडा पिवळा आहे नि तो उजळ आहे, दुसरा जड, निळसर. सर उजळ बाजू वर धरत होते, आकाश म्हणून. कोणीही तसंच धरेल. पण मिठागरात उभं राहिलेलं माणूस नाही धरणार. तिथे ऊन वरून लागतच नाही, खालून लागतं. पाण्यावरून, मिठावरून असं उसळून येतं की आकाशाकडे बघवतं पण पायाशी बघवत नाही. डोक्यावर टोपी असून तुमची हनुवटी भाजायची, खालून, आणि घरी आल्यावर मी तिला खोबरेल लावायचे. तुम्ही तोंड वर करून लहान पोरासारखे बसायचात. म्हणून मला वाटतं, उजळ ते खाली. पण हे दुपारचं झालं. तुम्ही त्या दिवशी ऊन उतरल्यावर बसला असाल तर माझं सगळंच उलटं. मी घरी होते, तुम्ही रिक्षाने एकटे गेला होतात, मी बघितलेलं नाही.

हा कागद मी कुठे टाकणार, मशीनच्या खणात पडून राहील. तरी विचारून ठेवते. बाण मी काढलाय, कपड्यावर खुणा करायच्या खडूने, पुसला जाणारा. उजळ बाजू खाली. आणि काढल्यावर तसंच भिंतीला टेकवून दुपारची जेवायला बसले तर त्याच्याकडे बघता बघता पानावरून उठवेना, हे तुमच्या सरांना मी सांगणार नाही. बरोबर आहे की चूक, ते शनिवारी दिवेलागणीपर्यंत सांगा. नाही सांगितलंत तर रविवारी टेम्पो यायच्या आत मी तो पेनाने गिरवणार, आणि मग माझंच खरं.