घरात बसून न लिहिलेलं पत्र

इंदूर, १२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

चि. यशवर्धन यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं छान. थंडी चांगली पडली आहे, बाजारात गराडूचे कंद आले आहेत. मी अजून तळले नाहीत, एकटीसाठी कढई कोण चढवणार. तुझे आई-बाबा हैदराबादला लेकीकडे, पलककडेच आहेत. पलकची लेक आता बसायला लागली. कपाळ अगदी तुझ्या बाबांचं घेतलंय बिचारीने.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. माझी शाळा चौथीपर्यंत आणि तुझं मराठीही तेवढंच, म्हणजे जमेल आपल्या दोघांना. मी शेजारच्या सोनलच्या पार्लरमध्ये बसून लिहिते आहे. ती एका बाईच्या डोक्याला मेंदी लावते आहे आणि मला म्हणते, आजी, आप आराम से लिहा, मी फोटो काढून भैयाला भेजून देते. तिला माझं अक्षर लागत नाही, हे एक बरं.

आधी तुझ्या फोटोचं सांगते. ऑफिसच्या काचेवर केवढा मोठा लावलाय, कोट-टाय घालून, खाली तिकडच्या अक्षरात तुझं नाव. मी तो भजनी मंडळात सगळ्यांना दाखवला. सुलोचनाबाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर करायला पाठवला होता ना? मग हा दलाल कसा झाला?"

मी म्हटलं, दलाल नाही हो, रियल इस्टेट. तर म्हणतात, इंदुरात पानवालाही प्लॉट विकतो, त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं. जळतात मेल्या. त्यांचा नातू सार्थक अजून भंवरकुआंला त्याच क्लासात तेच धडे गिरवतो आहे, ते मी काढलं का? नाही काढलं.

मग त्यांना तुझी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मला ती पोथीसारखी पाठ आहे. तू युक्रेनात खारकीवला चौथ्या वर्षाला होतास आणि लढाई लागली. होस्टेलच्या तळघरात तुम्ही पोरं जमिनीवर निजायचात, नळाला पाणी नाही, बर्फ वितळवून प्यायलात. मग गाडीत उभ्याने, मग पायी, थेट पोलंडच्या सीमेपर्यंत. बरोबरची मुलं विमानात बसून दिल्लीला आली. तू नाही बसलास. इथे सगळ्या विचारतात, का? मी म्हणते, हिंमतवाला आहे आमचा. तू बाबांना फोनवर म्हणाला होतास, अर्धा डॉक्टर होऊन कुठल्या तोंडाने येऊ, ते मी मंडळात सांगत नाही.

पुढचं मात्र रंगवून सांगते. हॉटेलात भांडी घासलीस. वॉर्सात रिकामी घरं धुऊन दिलीस. तेवढ्यात त्याच लढाईतून पळून आलेली बाया-पोरं खोल्या शोधत दारोदार फिरायला लागली. त्यांची भाषा तुला येत होती, घरमालकांची तू शिकून घेतलीस. दोघांच्या मध्ये उभा राहिलास आणि तिथूनच तुझा धंदा लागला. हे ऐकून सुलोचनाबाईंनीसुद्धा तुझा फोटो परत मागून पाहिला आणि दोनदा प्रसाद घेतला.

आता आपल्या राजेंद्र नगरच्या घराच्या विक्रीचं. तू फोनवर शिकवलंस तसंच सगळं केलं. भिंतीवरची कॅलेंडरं काढली. भर दुपारी सगळे दिवे लावले. गिऱ्हाईक यायच्या आधी कुकर लावायचा नाही, वासाने घर जुनं वाटतं, तेही पाळलं. त्या दिवशी मी चहा-टोस्टवरच राहिले. ते गृहस्थ आले, भले वाटले, मला माँजी माँजी करत होते. पण खोल्यांमध्ये काही शिरले नाहीत. बाहेरूनच फीत धरून पुढचं मोजलं, मागचं मोजलं. परसातल्या आंब्याला हात लावून पाहिला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, ये तो एक दिन का काम है. रजिस्ट्री बुधवारी आहे. घर माझ्या नावावर, म्हणून मलाच जायचंय.

मानपूरजवळची म्हाताऱ्यांची वसाहतही पाहून आले. तू शोधलीस ती चांगलीच आहे. लिफ्ट आहे, डॉक्टर येतो, संडासात धरायला दांड्या आहेत. गच्चीवर बायका रांगेने बसून हायवेवरचे ट्रक बघत होत्या. एकीने विचारलं, तुमचं कोण येणार भेटायला? मी तुझा फोटो दाखवला. ती म्हणाली, छान आहे हो, आणि परत ट्रक बघायला लागली.

मी घरात बसून हे का लिहिलं नाही? आपल्या स्वयंपाकघरातल्या आग्नेय कोपऱ्यात, गॅसच्या ओट्याखाली, वास्तुपुरुष पुरलेला आहे. वास्तुशांतीला तुझ्या आजोबांनी आणि मी आमच्या हातांनी पुरला. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून त्या घरात मी कधी वाईट बोलले नाही. तांदूळ संपले असं म्हटलं नाही, वाढले म्हटलं. तू लहानपणी हसायचास, पण शिकलास. तळघरातून फोन करायचास तेव्हाही म्हणायचास, मजेत आहे आजी. मागे केवढा धडाका ऐकू आला, तर म्हणालास, दार आपटलं. माझंच शिक्षण ते. त्यामुळे तू खरा कसा आहेस, हे मला चार वर्षं होत आली तरी कळलेलं नाही.

त्या दिवसांत मी ओट्याशी उभी राहून मोठ्याने म्हणायचे, माझ्या यशूला कुठेतरी भक्कम छपराचं घर मिळू दे. वास्तूने कसं भरभरून दिलं बघ. एक मागितलं तर रोज नव्या घराच्या किल्ल्या तुझ्या हातात. पण तेव्हा जीव असा टांगलेला होता की पुढचं म्हणायचं सुचलंच नाही, की त्याला परत इथे येऊ दे. नंतर पुष्कळदा म्हटलं. वास्तू बहुतेक एकदाच ऐकते.

त्या दिवशी फोनवर मी तुला एवढंच म्हटलं होतं, विकायच्या आधी एकदा येऊन बघून जा. तू म्हणालास, "आजी, मी खारकीवला भिंती एका रात्रीत जाताना पाहिल्या आहेत. भिंतींमध्ये जीव ठेवायचा नसतो. म्हणून तर मला घरं विकता येतात." मग म्हणालास, हो म्हण. मी ओट्याशीच उभी होते. हो म्हटलं, आणि हसून म्हटलं. त्या घरात दुसरं काही म्हणता येत नाही मला.

म्हणून इथे लिहिते. इथे ड्रायरचा आवाज आहे आणि मेंदीचा वास आहे, तथास्तु म्हणायला कुणी नाही.

नको विकूस रे.

झालं, लिहिलं. याचं तू काही करू नकोस. बुधवारी मी नवी साडी नेसून जाईन आणि सांगतील तिथे सही करीन. दिलेला शब्द फिरवणारी मी नाही आणि तूही नाहीस. तू येणार नाहीस, हेही मला विमान दिल्लीला तुझ्याशिवाय उतरलं तेव्हाच कळलं होतं. मंडळात मात्र मी सांगते, येतोय, पुढच्या दिवाळीला येतोय.

एक विचारायचं राहिलं. तू व्हिडिओवर येतोस तेव्हा तुझ्या मागे दाराशी एक पाठीवरची बॅग दिसते. फुगलेली, चेन लावलेली, वर बूट ठेवलेले. पोलंडहून पहिल्यांदा फोन लावलास तेव्हाही तीच होती, परवाही तीच. इतक्या लोकांना घरं दिलीस, आणि स्वतः अजून निघायच्या तयारीत बसला आहेस. मी विचारलं असतं तर म्हणाला असतास, जिमचं सामान आहे आजी. म्हणून विचारलं नाही. जमलं तर एखाद्या रविवारी ती मोकळी कर. कपडे कपाटात ठेव. नाही जमलं तर राहू दे, पण मला जिमचं सांगू नकोस.

सोनल म्हणते, आजी, बत्ती जाणार आहे, जल्दी करा. करते.

जेवत जा. मफलर बांधत जा.

बुधवारपर्यंत राजेंद्र नगरचीच,
तुझी आजी
कुमुदिनी