पहिला चमचा भात

सुपा, ता. पारनेर
गुरुवार, १७ जुलै २०२५

ती. शोभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी, १३ तारखेला, जे झालं ते क्रमाने असं :

१. बाबा सव्वाबाराला जामखेडहून सुप्याला आले. मी स्टँडवर होते.
२. आम्ही हायवेलगतच्या बर्मी खाणावळीत जेवायला गेलो. पाच टेबलं आहेत. एक आजी, त्यांचा मुलगा आणि सून, अशी तिघंच ती चालवतात. मी रविवारी तिथे जेवते.
३. भात, नारळाच्या दुधातल्या शेवया, हरभऱ्याच्या पिठाचं तोफू आणि मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर मागवली. सगळं शाकाहारी. बाबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.
४. बाबा म्हणाले की तोफू म्हणजे आपलं थिजलेलं पिठलं, आणि चहा प्यायचा असतो, चावायचा नसतो. इथपर्यंत ठीक होतं.
५. त्या घरात रीत अशी आहे : भाताचा पहिला चमचा घरातल्या मोठ्या माणसाला वाढायचा. ते माणूस जेवायला हजर नसेल, तर त्याच्या नावाने चमचाभर भात वेगळ्या वाटीत काढायचा आणि मगच जेवायला सुरुवात करायची. हे जिवंत माणसांसाठी असतं, गेलेल्यांसाठी नाही.
६. आजींनी सवयीने स्टीलची छोटी वाटी आणून पहिला चमचा तिच्यात काढला. दुसरा बाबांना वाढला.
७. बाबांनी विचारलं की वाटीतला भात कोणासाठी. आजींनी मोडक्या हिंदीत सांगितलं की मुलीच्या आईसाठी. ही दर रविवारी आईच्या नावाने काढायला लावते, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. मग त्यांनी विचारलं की आईचे गुडघे आता कसे आहेत आणि त्यांना इकडे कधी आणणार.
८. बाबा म्हणाले की आता दुखत नाहीत.
९. त्यांनी अर्धं जेवण टाकलं, हात धुतले आणि स्टँडकडे चालू लागले.
१०. ३.१०च्या नगर गाडीत बसले. ते जामखेडला गेले असं मी समजले. ते तुझ्याकडे पुणतांब्याला आल्याचं तुझ्या कार्डावरून कळलं.

त्या दिवशी आईला जाऊन बरोबर सात महिने झाले होते. हे खाणावळीत कोणाला माहीत नाही, कारण मी सांगितलेलं नाही. तेराव्यानंतर कामावर परतले, त्या आठवड्यातल्या रविवारी मी तिथे पहिल्यांदा गेले. उशीर झाला होता म्हणून आजींनी मला घरच्यांच्याच टेबलावर बसवलं. घरी मोठं कोण, असं विचारलं. मी आई म्हणाले. तिला का आणलं नाही, असं विचारलं. मी म्हणाले की तिचे गुडघे दुखतात. ही दोन्ही उत्तरं १२ डिसेंबरपर्यंत खरी होती.

बाबा माझा फोन घेत नाहीत आणि तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या असतील. नाव मागच्या बाजूला लिहिलं आहे. ते काय म्हणतात ते कळव.

तुझी माया आहेच, तिच्यात खंड नको.

तुझी,
प्रणिता


पुणतांबा
सोमवार, २१ जुलै

चि. प्रणिता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे पंचनामा आहे गं बाई. आकडे, वेळा, एस.टी., सगळं आहे; फक्त खाली पंचांच्या सह्या राहिल्या. तुझी आई म्हणायची की ही पोर रडायच्या आधी घड्याळात बघेल. गोळ्या आणल्या. शाम बरा आहे, काळजी करू नकोस. म्हणजे थोडी कर.

तो रविवारी दिवेलागणीला आला. हातात पिशवी, अंगावरचे कपडे तेवढेच. मी विचारलं तर म्हणाला की सहज आलो. साठी उलटलेला माणूस बहिणीकडे सहज आला तरी निदान टॉवेल घेऊन येतो. तेव्हापासून सकाळी नदीवर जातो, पायरीवर बसतो, येतो, पेपर वाचतो. दूधवाली साळूबाई मला ऐकू जावं म्हणून सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारते की भाऊ लई गप हाय, जावई रुसल्यावानी बसलाय, काय हुतं काय? त्यालाही ते ऐकू जातं. तरी हसला नाही.

चौथ्या दिवशी बोलला, तेही एकच वाक्य. तुझ्या आईबद्दल काही नाही, वाटीबद्दलही नाही. म्हणाला की प्रणिताला रविवारी ओव्हरटाइम असतो, असं ती मला सांगत होती. एवढं म्हणून चष्मा पुसत बसला.

मुली, तुझ्या दहा कलमांत हे अकरावं नाही. जामखेडला रविवारी त्याच्या डब्याची खाणावळ बंद असते, हे तुला ठाऊक आहे का? मला आत्ता कळलं.

आणखी एक सांगते, राग मानू नकोस. तू वहिनीच्या नावाने चमचा काढलास, मला त्यात वावगं दिसत नाही. पण ती रीत जिवंत माणसाची आहे, असं तूच लिहितेस. मग आपल्या घरात जो जिवंत होता, त्याचा चमचा कुठे होता? इतक्या रविवारांत एकदाही त्याचं नाव घ्यावंसं वाटलं नाही? तो हे कधी बोलणार नाही. मी बहिरी आहे, म्हणून मला जास्त ऐकू येतं.

आणि त्या म्हाताऱ्या बाईला खरं सांगून टाक. ती बिचारी कोणाच्या गुडघ्यांची चौकशी करते आहे!

त्याच्या पिशवीत मेतकुटाची बरणी आहे. स्वतः केलंय त्याने, वहिनीच्या वहीतून बघून. तुझ्यासाठी आणलं होतं म्हणे, द्यायचं राहिलं. धणे जरा जास्त भाजलेत. मला त्यातलं चमचाभरच मिळालं, तेही मी हट्ट केला म्हणून.

वेळेवर जेवत जा. या म्हातारीवर रुसू नकोस.

तुझी,
शोभाआत्या


सुपा
शनिवार, २६ जुलै

ती. शोभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अकरावं कलम बरोबर आहे. मला रविवारी ओव्हरटाइम नसतो. जानेवारीपासून एकदाही नव्हता.

माझं काम तुला माहीत आहे. कंपनीतल्या मोजमापाच्या साधनांमध्ये किती चूक आहे हे मी तपासते. एखादं साधन थोडं चुकीचं दाखवत असेल तरी चालतं, पण ती चूक किती, हे त्याच्या कार्डावर लिहावं लागतं. न लिहिता वापरत राहिलं तर पुढचा सगळा माल संशयात जातो. मी हे इतरांना वर्षातून दोनदा शिकवते.

त्या वेळी लिहिलं नाही, आता लिहिते. २९ डिसेंबर ते १३ जुलै एकोणतीस रविवार झाले. त्यांपैकी तीन मी जामखेडला होते, सव्वीस इथे. जामखेडला आम्ही दोघं जेवतो तेव्हा बाबा बातम्या लावतात. आईचा पाट भिंतीला टेकून उभा असतो. मीठ कुठे आहे हे दोघांनाही माहीत नसतं आणि दोघंही विचारत नाही. आई नाही हे त्या घरातल्या प्रत्येक डब्याला माहीत आहे. इथे ते कोणालाच माहीत नव्हतं. इथे दर रविवारी कोणीतरी तिची चौकशी करायचं आणि मी उत्तर द्यायचे. काय उत्तर द्यायचं ते ठरवावं लागत नव्हतं. एप्रिलमध्ये मी तिच्या गुडघ्यांना थोडा उतार पडल्याचंही सांगितलं. ते का सांगितलं, ते मला माहीत नाही.

तू विचारलंस की बाबांचा चमचा कुठे होता. ते मला सुचलं नाही, हे खरं आहे. खरं असलं तरी ते पुरेसं नाही, हेही मला कळतं.

मला वाईट वाटतं का, हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील. गेल्या सात महिन्यांत मला फारसं काही वाटलेलं नाही. ऑफिसमध्ये सगळे म्हणाले की मी फार धीराने घेतलं. तो धीर नव्हता. नुसतं काही होत नव्हतं. बाबा ३.१०च्या गाडीत चढताना मागे वळून बघतात की नाही, हे मात्र मी गाडी वळेपर्यंत बघत होते. त्यांनी बघितलं नाही.

उद्या आजींना सांगेन. मग बाबांना लिहीन. मेतकूट संपवू नका.

तुझा राग रास्त आहे. माया मात्र कमी करू नकोस.

तुझी,
प्रणिता


पुणतांबा
गुरुवार, ३१ जुलै

चि. प्रणिता,
अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं शोभाने मला वाचायला दिली. तुझ्या परवानगीशिवाय दिली, त्याबद्दल तिच्यावर रागावू नये.

मी रुसलेलो नाही. साळूबाई सांगते ते खोटं आहे.

रविवारी खाणावळ बंद असते म्हणून माझे हाल होतात, असा समज करून घेऊ नकोस. मी खिचडी करतो. एका माणसाचं माप मला जमत नाही, दोघांची होते. उरलेली संध्याकाळी खातो. तू येशील म्हणून जास्त करतो असं नाही.

त्या बाईंना मी गुडघ्यांबद्दल जे बोललो ते का बोललो, ते मला समजलेलं नाही. त्यांनी इतक्या आपुलकीने विचारलं की ती गेली असं म्हणवेना. मग दुसरं काय बोलणार? तू सात महिने तेच केलंस, मी एकदाच केलं. म्हणून तुला बोलायचा मला अधिकार नाही, हे नंतर लक्षात आलं. आणि ते लक्षात आल्यावर जास्तच बोलवेना.

जेवण चांगलं होतं. टाकलं ते चुकलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं का?

राखीपर्यंत इथेच आहे. धणे जास्त भाजले गेले हे खरं आहे.

प्रकृतीला जपावे.

तुझे बाबा
शामकांत


सुपा
सोमवार, ४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी मिळालं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आजींनी वाईट वाटून घेतलं नाही. तुम्ही तोफू टाकलं ते त्यांच्या लक्षात आहे, पण तुम्हाला ते तिखट लागलं असं त्या समजल्या होत्या.

२७ तारखेला मी त्यांना सांगितलं. गिऱ्हाईक गेल्यावर त्या टेबलावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी हिंदीत सांगितलं की आई १३ डिसेंबरला गेली, मी इथे पहिल्यांदा आले त्याच्या आधीच. त्यांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. मग सुनेला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सून आत गेली आणि स्टीलची वाटी घासून, कोरडी करून घेऊन आली. मला वाटलं की आता ती फडताळात जाणार.

आजी म्हणाल्या की त्यांचा जन्म रंगूनचा. लहानपणी सगळं घर मद्रासला आलं, वडील मात्र मागे राहिले. त्यांची आई रोज वडिलांच्या नावाने भात काढायची. वडील कधी गेले, ते कोणी कळवलं नाही. किती वर्षं जिवंत माणसाचा भात निघाला आणि किती वर्षं गेलेल्याचा, याचा हिशोब त्यांच्या घरात कोणाला लागलेला नाही. भात वाया गेला नाही, जेवण झाल्यावर तो परत पातेल्यात मिसळायचा, असं त्या म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हाताने माशी उडवावी तसं केलं. गुडघ्यांबद्दल म्हणाल्या की तुझ्या वडिलांनी खोटं सांगितलं नाही.

मग त्यांनी पहिल्याच दिवसासारखं विचारलं, घरी मोठं कोण. मी बाबा म्हणाले.

त्यांनी त्या वाटीत चमचाभर भात काढला आणि मग आम्ही जेवलो. काल, ३ तारखेलाही काढला. काल मला जेवता जेवता थांबावं लागलं. फार वेळ नाही. सुनेने पाणी दिलं आणि सगळे दुसरीकडे बघत जेवत राहिले. आत्याला सांगा की आधी घड्याळ बघितलं नव्हतं.

ओव्हरटाइमबद्दल : मी खोटं बोलले. इथून पुढे दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मी जामखेडला येईन. येत्या दुसऱ्या रविवारी, राखीच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही अजून पुणतांब्याला असाल, म्हणून चौथ्यापासून, २४ ऑगस्टपासून. दोघांची खिचडी करा. मीठ कुठे असतं ते मी विचारेन. बातम्या लावल्या तरी चालतील.

१७ ऑगस्ट हा तिसरा रविवार आहे. त्या दिवशी आत्याला घेऊन सुप्याला जेवायला यावं, अशी विनंती आहे. श्रावण आहे हे मी सांगून ठेवलं आहे. तुमच्या जेवणात कांदा-लसूण नसेल. आजींना मेतकूट बघायचं आहे, बरणी आणावी.

एक गोष्ट तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्यांना सांगू शकत नाही. मोठं माणूस (म्हणजे आता तुम्ही) हजर नसेल तर पहिला चमचा वाटीत काढतात. हजर असेल तर तो सरळ त्याच्या पानात वाढतात आणि वाटी मांडत नाहीत. १७ तारखेला त्यांनी वाटी मांडायची की नाही, ते कृपया कळवावं. १५ तारखेला टपाल बंद असतं, त्यामुळे उत्तर गुरुवार, १४ ऑगस्टपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठवावं.

तुमची,
प्रणिता