ह्यांनी दाखवलेला ध्रुव

नैरोबी,
दि. २८ जुलै १९९२

ती. अक्का,

यावलच्या घरी लहानथोर सगळ्यांना तुझ्या धाकट्या कलाचा नमस्कार. आम्ही इकडे येऊन महिना होत आला. हे बरे आहेत, पंडित आणि सूनबाई बरी आहेत. इथे जुलैत थंडी पडते, तुला खरं वाटायचं नाही. मी लुगड्यावर पंडितचा स्वेटर घालून हिंडते, ध्यान दिसतं नुसतं! तुमच्याकडे पाऊस कसा आहे? केळीवरचा करपा गेला का?

शनिवारी पंडितने आम्हाला जनावरांचं जंगल दाखवायला नेलं. दीपनगरची नोकरी सोडून इकडे आला तेव्हापासून पोराच्या प्रत्येक पत्रात एकच धोशा, आई-आबांना सिंह दाखवायचाय. पाहिला बाई सिंह! आपला झुलालभाऊ जेवून ओट्यावर पडतो ना, तस्सा लोळत होता. हेही म्हणाले, "अरे वा!"

आता लिहितेच. किती वेळ पाऊसपाण्याचं लिहीत बसू?

ह्यांना दिसत नाही, अक्का. मोतीबिंदू आहे, पिकला की काढू, असं तुम्हाला सांगितलं ते खोटं. काचबिंदू आहे. जळगावच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. आता उजेड आणि सावली, एवढंच कळतं. पण इथे आल्या आल्या ह्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, "पंड्याले सांगू नको, तो आपले आठेच ठेवी लेई. भडगावले मन्हा पायसले बठ्ठी वाट माहीत शे. आठे मी आंधया." खरंच आहे ते, पोरगा इथेच ठेवून घेईल ही ह्यांना धास्ती, आणि भडगावची वाट पायांना पाठ. घरी ओट्यापासून विहिरीपर्यंत हे कसे झपाझपा जातात, तू पाहिलंयस. तुलासुद्धा कधी शंका आली नाही.

मग आमचं असं ठरलं, काही दिसलं की मी हात दाबायचा आणि ह्यांनी "अरे वा" म्हणायचं. गुडघे दुखतात म्हणून हात धरते, असं पंडितला सांगून ठेवलं होतं. एकदा गाडी खड्ड्यात आदळली, माझी मूठ आवळली गेली, आणि हे नुसत्या झुडपाकडे तोंड करून म्हणतात, "अरे वा, काय जनावर आहे!" माय वं! हसू दाबता दाबता मला रडूच आलं.

रात्री मुक्काम जंगलातच, तंबूत होता. जेवणं झाल्यावर बाहेर खुर्च्या मांडून आम्हाला आणि तिथे उतरलेल्या गोऱ्या पाहुण्यांना तारे बघायला बसवलं. दिवे घालवले. तिथलाच एक गाईड होता, जोसफ नावाचा, ताडमाड उंच. मोठ्या बॅटरीचा झोत वर टाकून एकेक तारा दाखवायचा. तो इंग्रजीत सांगे आणि पंडित आम्हाला मराठीत. इतके तारे मी जन्मात पाहिले नव्हते. हात दाबून दाबून माझी बोटं दुखायला लागली.

मग जोसफने विचारलं, तुमच्याकडे ताऱ्यांना काय म्हणतात? पंडित म्हणाला, "आबा, तुम्ही सांगा. केळीला पाणी भरताना तुम्ही हेच बघायचात ना?"

हे खुलले. उठून उभे राहिले. उत्तर दिशा कुठे आहे विचारलं, तर पंडितने खांद्याला धरून वळवलं. ह्यांनी खाटल्याची, म्हणजे सप्तर्षींची, गोष्ट सांगितली, म्हातारीची खाट आणि ती पळवणारे तीन चोर. पंडितने ती इंग्रजीत सांगितली, तसे गोरे लोक हसले, खूश झाले. मग ह्यांनी हात वर करून बोट दाखवलं. "आणि तो देखा. तठे ध्रुव शे. आमना निंबना शेंडावर रोज ऱ्हास."

सगळ्यांनी बोटाच्या रोखाने पाहिलं. तिथे ठळक तारा एकही नव्हता. जोसफ पंडितच्या कानाशी काहीतरी बोलला. काय ते पंडितनेच मला नंतर सांगितलं. इथून ध्रुव दिसतच नाही म्हणे. आपण इतके दक्षिणेला आलो की तो जमिनीखाली गेला. डोळस माणसाने विचारलं असतं, ध्रुव कुठे गेला? ह्यांनी भडगावच्या सवयीने, घरच्या निंबाच्या शेंड्याकडे उचलावा तसा, हात उचलला.

पंडितने ह्यांच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला. मग म्हणाला, "हो आबा, तोच. काय ठळक दिसतोय!" ह्यांचा चेहरा एवढा फुलला, अक्का, मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं.

सकाळी त्याने मला बाजूला नेलं. "आई, केव्हापासून?" एवढंच विचारलं आणि लहानपणी रडायचा तसा रडला. म्हणाला, तिकिटं रद्द करतो, आता परत जायचं नाही, तिकडे तू एकटी काय करशील? आणि मला कळलंय हे आबांना कळू देऊ नको, त्यांचा मान राहू दे. त्यानेही शपथ घातली. झाली माझी अडकित्त्यातली सुपारी!

पोराचं तरी काय चुकलं? भडगावात हे कुठे पडले-झडले तर मी कोणाला हाक मारू? पण इथे ह्यांना न्हाणीघरात जाताना भिंत चाचपावी लागते. रोज मला विचारतात, जायचं ना आपण? मी म्हणते, हो. दुसरं काय म्हणू?

तू मोठी आहेस, मला सांग मी कोणाचं ऐकू. पण कसं सांगशील? इथे टपाल घरी येत नाही, पंडितच्या ऑफिसात येतं. तो घरी आणतो आणि ह्यांच्यासमोर मोठ्याने वाचतो. म्हणून यातलं एक अक्षरही उत्तरात लिहू नको. पाऊसपाण्याचं लिही, झुलालभाऊचं लिही. हे पत्र शेजारचे रतिलालभाई उद्या मुंबईला निघालेत, त्यांच्याजवळ देते.

हे बाहेर खुर्चीवर बसलेत. मघापासून म्हणताहेत, एवढं काय लिहितेस अक्काला, वाचून दाखव. आता हाच कागद हातात धरून मी ह्यांना दुसरंच पत्र वाचून दाखवणार आहे. आजवर ह्यांच्यासाठी खोटं बोलत होते, आज पहिल्यांदा ह्यांच्याशीच बोलणार.

तुझ्या उत्तराची वाट न पाहणारी,
तुझी कला