टॉमसाहेबाची सही

३ मार्च ८२, बुध.
लग्नाची रजा मागायला टॉमसाहेबाच्या केबिनमध्ये. केबिनला दार नाही. बहरीनमध्ये, इथे सलमाबादच्या कंपनीत आल्या आल्या त्यानंच काढायला लावलं, म्हणे माणसामाणसांत आडोसा नको. वर्कशॉपचा सगळा धूर आत. तरुणपणी अमेरिकेत हिप्पी होता, अनवाणी हिंडायचा. आता पुढून टाय, मागून केसांची शेपटी. "साहेब नको, टॉम म्हण. इथे कोणी कोणाचा बॉस नाही." म्हटलं, "बरं, टॉमसाहेब." मग रजा मागायची कोणाकडे?

५ मार्च, शुक्र.
झिंज भागातल्या आमच्या खोलीवर पास्कलनं कोळंबी केली. वसईचा, आमच्याच ऑफिसात. बातमी दिली: टॉम आणि त्याच्या घरातली लिंडाबाई कित्येक वर्षं एकत्र, पण लग्न नाहीच! "ह्या लोकांनी तरुणपणी आईबापाचं ऐकलं नाय, आता आपल्याला पण ऐकून देत नाय." हसून ठसका लागला. पण आईनं मेची तारीख धरलीय.

८ मार्च, सोम.
टॉमनं समोर बसवलं. "मुलीला विचारलंस?" म्हटलं, वडलांना विचारलंय. "तिला?" तिला कशाला? गेल्या सुट्टीत बघायला गेलो, तिनं पोहे दिले, मी खाल्ले. त्यात सगळं आलं की. त्यानं कपाळावर हात मारला. "आधी तिच्याशी बोल, मग रजेवर सही. बॉस म्हणून नाही, मित्र म्हणून सांगतोय." बॉस असता तर हातापाया पडलो असतो. मित्राच्या कोण पाया पडतं?

१२ मार्च, शुक्र.
ट्रंक कॉल. मुलगी, म्हणजे सुनंदा, देवरुखला शाळेत शिकवते, फोन हेडमास्तरांच्या टेबलावर. लाइन इतकी खराब, ओरडलो, "तुम्हाला लग्न करायचंय का?" हेडमास्तर म्हणाले, "माझं झालंय. आपण कोण?" मग ती आली. पुन्हा तेच, ओरडून.
"हे मला विचारताय?"
"हो."
"पुढच्या शुक्रवारी सांगते."
नाही म्हणाली तर?

१३ मार्च, शनि.
टॉमनं सगळ्यांदेखत मिठी मारली. सही झाली. पास्कल: "रजा मिळाली, खलास. आता बायको शोध."

१६ मार्च, मंगळ.
आईची तार. पोरीला काय विचारलंस, गावभर झालंय. मनातल्या मनात टॉमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण खरं सांगायचं तर रागावायलाही सुचत नाही. पोह्यांच्या वेळी तिचा चेहरा धड पाहिला नव्हता, आणि आता तिनं हो म्हणावं म्हणून जीव टांगणीला लागलाय.

१९ मार्च, शुक्र.
लाइन स्वच्छ. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "आधी मी विचारते. मी नोकरी सोडायची का? तिकडे यायचं, की तुमच्या आईंजवळ राहायचं?"
"आई म्हणते..."
"आईंचं कळलंय मला. तुम्हाला काय हवंय?"
तेवढ्यात कॉलचा वेळ संपला, लाइन कट.
खोलीवर बसलोय. पास्कल म्हणतो, जेव आधी. बहरीनला यायचं मामानं ठरवलं, मुलगी आईनं, रजा टॉमनं. तिला कोणी विचारलं नव्हतं म्हणून तो एवढा हळहळला. मला तरी आजवर कोणी विचारलं होतं?
पुढच्या शुक्रवारचा कॉल बुक केलाय. काहीतरी सांगायला हवं.