बोरगावचा निरोप

बाई,

तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. तुमच्या बाराव्याला मी बेळगावात आले होते, पण दारातूनच परत फिरले.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीचा तुमचा तो उन्हाळ्यातला वर्ग आठवतो. घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड बघणाऱ्या, मराठी शाळेतनं आलेल्या आम्हा मुलींना तुम्ही दोन महिने इंग्रजी शिकवायचा, पुढं आम्ही बावरून पळून जाऊ नये म्हणून. माझी आई निपाणीत विड्या वळायची, माझ्या मैत्रिणीची आई बोरगावात. आम्ही दोघी हॉस्टेलच्या एकाच खोलीत. पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हा पाणी मागून मी ओंजळ पुढं केली आणि तुम्ही रागावलात. "माठ तिथं आहे, तांब्या तिथं आहे. हातानं घे." त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा वरच्या जातीच्या घरातल्या माठात तांब्या बुडवला. 

पण वर्गात तुमचा चेहरा खुलायचा तो माझी ती मैत्रीण वाचायला उठली की. मी अडखळायची, ती नाही. महिनाभरानं तिची आई आजारी पडली. स्टँडवर गाडीत चढताना ती मला म्हणाली, "बाईंस्नी सांग गं, आठ दिसांत येतो. माझी जागा ठेवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारता, ती कुठं आहे. गावाकडं गेली, मी सांगते. परत येणार ना, तुम्ही विचारता. मी खाली बघत नकारार्थी मान हलवते. तुम्ही काही वेळ तिच्या बाकाकडं बघत राहता. दोन दिवसांनी तिथं दुसरी मुलगी येऊन बसते.

नवव्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तुम्ही दुखावला होता. "निरोप तरी धाडायचास गं," एवढंच म्हणालात. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "चुकलं, बाई." आणि तशीच गावाकडं परत गेली. माझं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही, नंतरही कधी नाही.

पुढं मी प्राध्यापक झाले, काही वर्षं तुमचाच वर्ग घेतला. ही माझी तयार केलेली मुलगी, असं तुम्ही लोकांना सांगायचा आणि मी शेजारी गप्प उभी असायची.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. ती अजून बोरगावातच असते, निपाणीहून फार लांब नाही. लिहायला हवं होतं तिला. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.