गाढीच्या डोहाची वाट

आई,

काल बाजारातून परतताना पाय आपोआप नदीकडं वळले. त्या बाजूला आता सगळ्या इमारती झाल्या आहेत, आणि दोन उंच कुंपणांच्या मधून एक बोळ खाली गाढीकडं उतरतो. तिथल्या राखणदाराला मी विचारलं, एवढी मोक्याची जागा मोकळी कशी राहिली. तो म्हणाला, ही वाट बंद करता येत नाही असं साहेब लोक म्हणतात, पण का ते कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. पण सांगायला गेले असते तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तुझ्याबद्दल असं उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून घरी आले, चहा केला आणि तुलाच लिहायला बसले.

तू उरणच्या बाजूची. तुमच्या घरापुढं खाडी, मागं मिठागरं. खडकावरची कालवं काढता काढता तू लहानपणीच पाण्याखाली जायला शिकलीस. लग्न होऊन पनवेलला आलीस ती विहिरीच्या रहाटाशी आणि एका खिडकीच्या स्वयंपाकघराशी बांधली गेलीस. बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, माणूस भला, पण पाण्याला घाबरणारा. पहिल्या वर्षी तू आजारी पडलीस तेव्हा औषधानं गुण येईना. शेजारची एक म्हातारी तुला कपडे धुवायला म्हणून नदीवर घेऊन गेली आणि तिथं तुला डोह सापडला, असं तू सांगायचीस. भरतीचं खारं पाणी जिथवर चढतं त्याच्या वरच्या अंगाला, काळ्या खडकाखाली, आंब्याच्या बागेला लागून असलेला तो डोह. त्या दिवशी कपडे तसेच टाकून तू पाण्यात उतरलीस आणि घरी बरी होऊनच आलीस. "खारं पानी उचलतं, गोडं पानी आत घेतं," असं तू म्हणायचीस. मला तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. पुढं तू मला खाली न्यायला लागलीस तेव्हा कळला.

मी डोळे मिटते आणि पुन्हा तिथं असते. पौषातली दुपार आहे, पाणी निवळलेलं आहे. वरच्या थरात ऊन मधासारखं पसरलंय आणि आपण जसजशा खाली जातो तसतसं ते हिरवं होत जातं, मग काळपट. उंबराची मुळं पाण्यात सैल सोडलेल्या केसांसारखी हलतात. छोटे मासे आपल्या बोटांना तोंड लावून बघतात आणि खायचं नाही असं ठरवून निघून जातात. वर काठावर बायका कपडे आपटत असतात, पण तो आवाज खाली येईपर्यंत मऊ होतो, कुणीतरी लांब कुठं पोहे कांडत असावं तसा. तिथं वेळ नसतो. घाई असते ती फक्त छातीत, आणि तीही तू म्हणायचीस तसं जरा दुर्लक्ष केलं की गप्प बसते. दुपारी पुरुष कामावर गेले की डोह बायकांचा, हे गावात कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. तू किती मुलींना पोहायला शिकवलंस त्याचा हिशेब तुलाही नव्हता. कोळणी, कासारणी, मोहल्ल्यातल्या मुली, कातकरवाडीतल्या दोघी बहिणी, सगळ्या एकाच खडकावरून उड्या मारायच्या.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी आंब्याची बाग विकली गेली. नवे मालक मुंबईचे शेठ. त्यांनी बागेभोवती काटेरी तार ओढली आणि डोहाकडं जाणारी पायवाट तारेच्या आत गेली. शेठ वाईट माणूस नव्हता, हे तू तेव्हाही म्हणत होतीस. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडं आलेला एक पाहुणा त्याच डोहात बुडाला होता आणि त्यांच्या मनानं धास्ती घेतली होती. पण त्यांनी मामलेदाराकडं अर्ज दिला त्यात लिहिलं की ही वाट कधी सार्वजनिक नव्हतीच, चार-दोन बायका चोरून येतात तेवढंच. ते ऐकून तू भाकरी थापता थापता थांबलीस. तव्यावरची भाकरी करपली, पण तू ती काढली नाहीस. संध्याकाळी घरोघर फिरून आलीस आणि बायकांचे अंगठे उठवलेला उलटा अर्ज गेला. मामलेदार स्वतः जागा बघायला येणार असं ठरलं.

बाबांनी तुला मोठ्यानं बोललेलं मी आयुष्यात एकदाच ऐकलं, ते त्या आठवड्यात. तू जेवायला वाढत होतीस आणि सहज सांगितलंस की साहेब आले की तू पाण्यात उतरून दाखवणार. बाबांनी पाट मागं सारला. म्हणाले, ओल्या लुगड्यानं चार पुरुषांपुढं उभी राहणार का, दुकानावर लोक काय म्हणतील याचा विचार केलास का, तुझ्या खाडीवर चालत असेल, हे पनवेल आहे. त्यांचा भात निवत होता, त्यावर तू आमटी ओतलीस आणि म्हणालीस, "तुमी जेवा आधी." मग खूप वेळानं, भांडी घासायला बसल्यावर, माझ्याकडं न बघता बोललीस, "बाय, त्यांचा राग खोटा नाय. त्यांना वाटतं, पान्यानं मला नेलं तं?" मला तोवर वाटत होतं की बाबांना लोकांची भीती आहे.

साहेब यायच्या दिवशी सकाळी चुलीजवळच्या फडताळावर एक वस्तू ठेवलेली होती. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून केलेली पट्टी, तिच्यात खिडकीच्या काचेचे दोन गोल बसवलेले, कडा घासून मऊ केलेल्या आणि पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेल्या. पाण्याखाली नीट दिसावं म्हणून केलेला चष्मा. बाबा दुकानात निघून गेले होते. तू तो डोळ्यांना लावलास, आरशात बघितलंस आणि बेडकासारखी दिसतेस म्हणून इतकी हसलीस की तुझा पदर डोळ्यांना लागला.

काठावर तोवर निम्मं गाव जमलं होतं. बायकांनी डोहाच्या कडेनं अशी रांग धरली की पुरुषांना पाणी दिसेल, पण ओल्या लुगड्यातली तू दिसणार नाहीस. मामलेदार तरुण होते, देशावरचे असावेत, पाण्याच्या जवळ यायला जरा बिचकत होते. शेठ त्यांच्याशी नम्रपणे बोलत होते. मी काय कुणाचं वाईट चिंतत नाही, म्हणाले, पण माझ्या पाहुण्याचा जीव गेला, उद्या आणखी कुणाचा जाईल, आणि वहिवाटीचा काही पुरावा आहे का यांच्याकडं? मामलेदारांनी बायकांकडं बघितलं. तू पुढं झालीस. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, चष्मा कपाळावर.

"साहेब, त्यांचा पावना बुडला तो पवाला येत नव्हतं म्हनून. वाट बंद झाली तं आमच्या पोरी पवाला शिकतील कुठं?" एवढं बोलून तू थांबलीस, मग म्हणालीस, "इथं कोन येत होतं ते मानसांना नका इचारू. पान्याला इचारूया."

आणि तू खडकावरून गेलीस. उडी म्हणवत नाही तिला. पाण्यानं जागा दिली आणि तू त्यात शिरलीस.

पहिल्यांदा वर आलीस ती हिरवा पडलेला एक तांब्या घेऊन. पुन्हा गेलीस, एक पेला, एक कटोरा आणि पायातलं वाळं घेऊन आलीस. शेठ म्हणाले, नदीत काय, वरून वाहतही येतं. त्यावर तू तिसऱ्यांदा गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. काठावरचं बोलणं हळूहळू थांबलं. मला काय झालं कोण जाणे, मी परकर खोचला आणि तुझ्या मागं उडी मारली. खाली, उंबराच्या मुळांत, तू एका तांब्याच्या कळशीशी झटत होतीस. मुळं तिच्या गळ्याभोवती वाढून घट्ट झाली होती, ती काही वाहून आलेली नव्हती. मला बघून तू घाबरली नाहीस, नुसती बाजूला सरकून जागा केलीस. दोघींनी मिळून ओढली. ती सुटली तेव्हा गाळाचा एक ढग उठला, आणि त्या ढगातून आपण वर आलो त्या जणू कुठल्यातरी दुसऱ्याच गावातून परत आलो.

त्या शेजारच्या म्हातारीनं काठावरच्या मातीनं आणि नारळाच्या शेंडीनं ती भांडी घासायला घेतली. हिरवं गेलं तशी घातलेली नावं दिसायला लागली. मामलेदार मला म्हणाले, वाच. मी ओल्या कपड्यांत कुडकुडत वाचत होते. तांब्यावरचं नाव वाचलं तशी मागून एक बाई पुढं आली आणि म्हणाली, ती माझी आजेसासू. पेल्यावरचं नाव कासारांच्या घरातलं निघालं. कळशीवरचं नाव वाचलं आणि ती घासणारी म्हातारी स्वतःच थांबली. कळशी तिच्या सासूची होती. म्हातारी नवी नवरी असताना ती तिच्या हातून डोहात निसटली, आणि सासूनं ते मरेपर्यंत बोलून दाखवलं. म्हातारी कळशी मांडीवर घेऊन बसून राहिली, पुढचं घासलंच नाही तिनं. शेवटी राहिला एक कटोरा, त्यावर उर्दू अक्षरं होती. ती कुणाला लागेनात. मोहल्ल्यातले अत्तरवाले चाचा गर्दीत होते, त्यांनी तो हातात घेतला, उन्हाकडं धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "हा आमच्या वालिदांचा आहे, साहेब. ते इथं नमाजाआधी हातपाय धुवायचे, वजू करायचे."

मामलेदारांनी शेठकडं बघितलं, शेठ पाण्याकडं बघत होते. मग शेठच म्हणाले की तार मागं घेतो, पण लहान मुलांना एकटं सोडू नका एवढं तरी कबूल करा. ते तू तिथंच कबूल केलंस. कंबरेवर घडा घेतलेली बाई कुंपणाला न लागता जाऊ शकेल एवढी रुंद वाट कायम मोकळी ठेवावी, असा निकाल झाला. पुढच्या हिवाळ्यात शेठनी त्यांच्या धाकट्या सुनेला तुझ्याकडं पोहायला शिकायला पाठवलं. ती पहिल्या दिवशी खडकावर बसून रडली होती, आणि तू तिच्या शेजारी नुसती पाय सोडून बसली होतीस.

तू गेलीस ती पाण्यानं नाही, साध्या तापानं, माझी मुलगी रांगत असताना. बाबा त्यानंतर रोज संध्याकाळी डोहावर जाऊन बसायचे, पाण्यापासून लांब, वाटेच्या तोंडाशी. आता डोहही भरत आलाय. वरची रेती उपसली, खालचा गाळ साठला. गणपती विसर्जनाला तेवढी माणसं उतरतात, बाकी वर्षभर वाट मोकळीच असते.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागा नाही, म्हणून एक सांगून टाकते. तार निघाली त्या दिवशी मी रडले तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरीला गावाचा केवढा अभिमान. गावाचं माझ्या मनात काही नव्हतं. घरात तू कायम कशात तरी असायचीस, चुलीत, पिठात, धाकट्यांत, आणि माझ्याशी बोलतानाही तुझी नजर हातातल्या कामावर असायची. पाण्याखाली हातात काम नसायचं. तिथं तू माझ्याकडं बघायचीस, श्वास पुरेल तोवर, दुसरीकडं कुठंच नाही. मला तेवढंच हवं होतं.