दादाचं बंद खातं

मंगळवार, १४ ऑक्टोबर
सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे

प्रिय दादा,

कॉम्प्युटरचा डबा टेबलावर आडवा ठेवून मी ब्रशने त्यातली धूळ काढत होतो. मध्येच हात पुसले आणि लिहायला बसलो. टायपिंगचं दुकान आज पेनावर चाललंय, हस कितीही.

महिनाभर हा सुरू व्हायलाच आढेवेढे घेत होता. एक अर्ज छापून निघेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा. ते नुसतं घड्याळाकडे बघतं, आणि मी दुसरा चहा सांगतो. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. डब्याला कान लावून ऐकतो म्हणून तू ज्याला डॉक्टर म्हणायचास, तोच. म्हणाला, "पेशंट म्हातारा झालाय, राजा. पंखा बदलून, मेमरी वाढवून वर्ष-दोन वर्षं काढेल. पण माझं ऐकशील तर नवाच घे." मलाही नवाच हवा होता, खोटं कशाला बोलू?

पण सुरू केल्यावर पडद्यावर आपली दोन नावं येतात ना, वर तुझं, खाली माझं. तू घर सोडून तीन वर्षं झाली, तरी रोज सकाळी माझा हात आधी तुझ्याच नावावर जातो. तो पासवर्ड मागतो, मग मी भानावर येतो. अण्णा मागे पेपर वाचत असतात. तुझ्या नोकरीचं पत्र त्यांनी तुझ्याआधी फोडलं, फाडलं, आणि तू गेल्यावर तुझं नावही काढलं नाही. आईने विषय काढला की ते उठून नळ गळतोय का बघायला जातात. आपल्या घरचा नळ इतका कधीच गळला नसेल.

डॉक्टर म्हणाला, "नवा घेतलास तर हा विकताना भावाचं खातं पुसून टाकू. नाहीतर कुलूप तोडतो, पाच मिनिटांचं काम." मी हो म्हणणार, तेवढ्यात पेपरामागून अण्णा म्हणाले, "हात लावायचा नाही. त्याचं काही पुन्हा न विचारता उघडायचं नाही."

'पुन्हा' म्हणाले, दादा. मी नीट ऐकलं.

मग दुरुस्तीच ठरली. काल पंखा आणि मेमरी घेऊन दुपारी परतलो, तर अण्णा कॉम्प्युटरसमोर बसलेले, एका बोटाने अक्षरं शोधत. पासवर्ड चुकला की तू जाताना लिहून ठेवलेली ओळ येते, मला ती पाठ आहे: 'अण्णांच्या तोंडून कधीच न निघणारा शब्द'. मला बघून ओशाळले. म्हणाले, "'शाबास' टाकून बघितलं. नाही उघडत." मग पडद्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "'चुकलं' हे इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं रे?"

नववीत शाळा सुटल्यावर तूच मला या खुर्चीत बसवून अक्षरं तपासायला शिकवलंस. मी एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी दाबलं, मी दोनदा तपासलं. तरी उघडलं नाही. अण्णांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "दुसरं काही असेल. त्याला विचार."

म्हणून हे पत्र. त्यांनी विचारायला सांगितलंय, आणि मी विचारतोय. पण दादा, पासवर्ड लिहून पाठवू नकोस. येऊन टाइप कर.

तुझाच,
धाकटा

ता. क. पंखा आणि मेमरी मिळून दोन हजार सहाशे दिले. डॉक्टरची मजुरी चारशे, बाकी आहे. ती अण्णांनी स्वतःच्या नावावर लिहायला सांगितली.